तेल आधी की क्रीम आधी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की चेहऱ्याला रोज काय काय लावता आणि त्यातलं काय मानवत नाही. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले, आणि बहुतेक सगळी गाडी फेस ऑइल आणि मॉइश्चरायझरपाशीच येऊन थांबली. कुणाला वाटतं दोन्ही एकच, कुणी दोन्ही लावूनही चेहरा कोरडाच म्हणतंय, कुणाला तेल म्हटलं की पिंपल्सची भीती. मी फार्मसीची आहे, त्वचेची डॉक्टर नाही, म्हणून जिथं डॉक्टरच लागतो तिथं तसं स्पष्ट लिहिलंय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

ताई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी, एकदम जड. आंघोळ करून आले की दहा मिनिटांत चेहरा ओढल्यासारखा होतो, हसलं तरी गाल ताणतात. भाचीनं ऑनलाइन सिरम मागवून दिलं, मॉइश्चरायझर घरात होतंच, आणि मैत्रिणीनं कुंकुमादी तेल दिलं. मी आधी तेल लावते, ते मुरलं की वरून क्रीम. तरी दुपारपर्यंत पांढरे पापुद्रे निघायलेत. चुकतंय कुठं? (औसा)

मॅडम, वस्तू चुकीच्या नाहीत, क्रम उलटा झालाय. आधी हे पक्कं करू की तेलात पाणी नसतं, एक थेंबही नाही. तेल त्वचेला मऊ करतं आणि आतलं पाणी उडून जायचं प्रमाण कमी करतं, पण जे पाणी तिथं नाहीच ते तेल कुठून आणणार? चेहरा कोरडा ठणठणीत असताना तुम्ही तेल लावलं तर कोरडेपणावरच झाकण बसलं, आणि वरून लावलेल्या क्रीममधलं पाणी त्या तेलाच्या थरामुळे खाली नीट पोचलंच नाही.

मॉइश्चरायझर म्हणजे पाणी आणि तेल एकत्र घुसळून केलेलं मिश्रण. फार्मसीच्या लॅबमध्ये आम्हाला कोल्ड क्रीम करायला लावतात, मधमाशीचं मेण, लिक्विड पॅराफिन, बोरॅक्स आणि पाणी एवढंच सामान, आणि ते गरम असताना एकत्र ढवळलं की डोळ्यासमोर पांढरी क्रीम तयार होते. बाजारातल्या क्रीममध्ये यात आणखी तीन प्रकारच्या गोष्टी असतात. पाणी ओढून धरणारं ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक अ‍ॅसिड, त्वचा मऊ करणारी तेलं-बटर, आणि वरून पाणी अडवणारं पॅराफिन, पेट्रोलियम जेली किंवा डायमेथिकोन. डबीमागचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा, ही नावं दिसली की समजायचं काम होणार, किंमत काहीही असो.

आता त्वचेच्या बाजूनं बघा. सगळ्यात वरचा जो थर आहे तो केसाच्या जाडीपेक्षा पातळ असतो, त्यात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड यांचा गिलावा भरलेला असतो. त्या गिलाव्यातला साधारण निम्मा भाग सिरॅमाइडचा. साबणानं आणि जड पाण्यानं हाच गिलावा निघतो. आपल्या साध्या वडीच्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) ९-१० असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, शिवाय बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाला चिकटून जो चिकट थर करतं (बादलीच्या कडेला पांढरा दिसतो तोच) तो चेहऱ्यावरही राहतो आणि कितीही धुतलं तरी चेहरा चरचरतच राहतो. म्हणून तुमचा पहिला बदल क्रीमचा नाही, साबणाचा. चेहऱ्याला वडीचा साबण बंद करा, सौम्य फेसवॉश किंवा साबणविरहित क्लिन्झर घ्या, तोही संध्याकाळी एकदाच, सकाळी नुसतं पाणी पुरे. घरी पिण्यासाठी आरओ किंवा फिल्टरचं पाणी असेल तर शेवटचा अर्धा तांब्या त्याचा चेहऱ्यावर घ्या. मासिकांत लिहितात दिवसातून चार वेळा चेहरा धुवा, ते आपल्यासाठी नाहीच. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, टँकरची वाट बघणाऱ्या बाईला चार वेळा तोंड धुवा सांगणं बरोबर नाही, आणि खरं तर कोरड्या त्वचेला कमी धुणंच चांगलं.

मग क्रम असा ठेवा. टॉवेलनं चेहरा टिपायचा, खसाखसा पुसायचा नाही, ओलसर ठेवायचा. त्या ओलाव्यावरच सिरम, म्हणजे ते पाण्यासारखं पातळ द्रव. ते पूर्ण वाळायच्या आत मॉइश्चरायझर, हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढं, गळ्यालाही. आंघोळीनंतर दोन-तीन मिनिटांत हे सगळं झालं पाहिजे, साडी नेसून, डबा भरून मग लावते म्हणाल तर पाणी कधीच उडालेलं असतं. आणि तेल सगळ्यात शेवटी, तेही रात्री, दोन ते तीन थेंब तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळायचे आणि चेहऱ्यावर दाबून लावायचे. तेल पातळ सिरमच्या आधी कधीच नाही.

सिरमबद्दल एक. ते हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं असेल तर मार्च ते मे वरून क्रीम न लावता वापरू नका. ही वस्तू हवेतलं पाणी ओढते असं सांगतात, पण आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी हवेत पाणीच नसतं, मग ते खालच्या थरातलं पाणी वर ओढतं आणि तेही उडून जातं. मुंबईत राहणाऱ्या मुलीला ते नुसतं लावून चालतं, औशात नाही. भाचीला सांगा रागावू नको, सिरम चांगलंय, आपली हवा वेगळी आहे.

कुंकुमादी तेलाचं म्हणाल तर त्याचा मूळ पाठ तिळाच्या तेलात, शेळीच्या दुधासोबत केशर आणि बाकी औषधी शिजवून करायचा आहे. बाटलीवर घटक वाचा, वास फार उग्र असेल आणि सुगंध असा शब्द शेवटी लिहिलेला असेल तर आधीच सोललेल्या गालांना ते झोंबेल. पापुद्रे थांबेपर्यंत महिनाभर बाजूला ठेवा. तोवर रात्री क्रीमवरून मसुराएवढी पेट्रोलियम जेली, ज्याला आपण सरसकट व्हॅसलीन म्हणतो. वनस्पती तेलं पाणी उडणं साधारण २० ते ३० टक्क्यांनी कमी करतात, पेट्रोलियम जेली जवळपास ९८ टक्क्यांपर्यंत. दिसायला गावठी वाटते, पण पाणी अडवण्यात तिच्यापुढे महागडी बाटली टिकत नाही, हे मी मनापासून सांगते.

मॅडम, मी नीटची तयारी करायला लातूरला हॉस्टेलवर राहतो. चेहरा लई तेलकट आहे, कपाळावर आणि गालांवर पिंपल्स. डॉक्टरनी अडापॅलिन जेल दिलं पण त्यानं तोंड सोलायलंय, जळजळ होतीय. आईनं खोबरेल तेलाची बाटली पाठवलीय, म्हणती चेहऱ्याला लाव, थंड पडंल. आधीच तेलकट असताना मॉइश्चरायझर कशाला लावायचं? (मूळ गाव उदगीर तालुका)

अरे, तेलकट असणं आणि पाण्यानं भरलेलं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. वरून तेल गळतंय आणि आतून कोरडं पडलंय असं एकाच चेहऱ्यावर होतं, आणि पिंपल्सची औषधं सुरू असताना तर हमखास होतं. अडापॅलिन पेशी झडायचा वेग बदलतं, म्हणून पहिले चार-सहा आठवडे सोलणं, लाल होणं, झोंबणं हे ठरलेलंच. इथंच बहुतेक मुलं औषध सोडून देतात आणि मग म्हणतात फरक पडला नाही. सोडू नकोस. जेल-क्रीम प्रकारचं, डबीवर नॉन-कॉमेडोजेनिक (छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं हलकं मॉइश्चरायझर घे. रात्री तोंड धुऊन पूर्ण कोरडं होऊ दे, मग मॉइश्चरायझरचा पातळ थर, मग चण्याएवढं अडापॅलिन अख्ख्या चेहऱ्याला (नुसतं पिंपलवर टिकल्या टिकल्या नाही), मग परत मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून एक. सकाळी सनस्क्रीन लावायचंच, क्लासला जायचं-यायचं ऊन काय कमी असतं का. एवढं करूनही जळजळ राहिली तर त्याच डॉक्टरांना दाखव, ते ताकद किंवा वेळ बदलून देतील.

आईच्या तेलाचं. खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक अ‍ॅसिड असतं, अंगाला, हाताला, कोरड्या पोटऱ्यांना ते फार छान, पण पिंपल्सच्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवू शकतं. चेहऱ्याला लावू नकोस, केसांना लाव, तेही रविवारी डोकं धुवायच्या आधी तासभर. कपाळाच्या वरच्या कडेला बारीक बारीक पुरळ असेल तर ते बऱ्याचदा डोक्यावरून उतरलेल्या तेलाचं असतं. रात्री तेल चोपडून झोपायचं, ते उशीला लागतं, उशीचं गालाला लागतं. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदल. आणि आईला फोनवर सरळ सांग की बाटली कामाची आहे, पायांना लावतोय, टाचा मऊ झाल्यात. ती काळजीनं पाठवते, तिला नाही म्हटल्यासारखं वाटायला नको.

आणखी एक, तुझ्या वयाच्या पुष्कळ मुलांना कपाळावर, छातीवर, पाठीवर एकसारखे, एकाच मापाचे, खाजणारे बारीक फोड येतात. ते पिंपल नसतात, मलासेझिया नावाच्या बुरशीमुळे येतात, कोंडा होतो त्यातलीच ही बुरशी. ती तेलातल्या फॅटी अ‍ॅसिडवर जगते, म्हणजे खोबरेल लावा, बदाम लावा नाहीतर महागडं फेस ऑइल लावा, तिला खाऊच मिळतो. खाज असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांग, औषध पूर्ण वेगळं असतं.

राम राम ताई. आमच्याकडे दरवर्षी दोन एकर करडई असते, लाकडी घाण्यावरून तेल काढून आणतो. सूनबाई म्हणती ऑनलाइन करडईचं तेल चेहऱ्याला लावायचं म्हणून छोट्या बाटलीत शेकड्यानं पैसे घेऊन विकायलेत. मग घरचंच लावलं तर चालंल का? आन् नातवाला मालिश कशाची करावी? (शेतकरी, जिंतूर तालुका)

राम राम दादा. या महिन्यातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न तुमचा. चालेल, आणि का चालेल ते सविस्तर सांगते कारण आपल्या भागातल्या माणसाला हे माहीत असलंच पाहिजे.

तेल चेहऱ्याला चांगलं की वाईट हे बऱ्याच अंशी त्यातल्या दोन फॅटी अ‍ॅसिडवर ठरतं, लिनोलिक आणि ओलेइक. लिनोलिक अ‍ॅसिड शरीर स्वतः बनवू शकत नाही, आणि त्वचेतल्या त्या गिलाव्यातलं सिरॅमाइड तयार व्हायला ते लागतंच. पिंपल्स असणाऱ्या लोकांच्या चेहऱ्यावरच्या तेलात लिनोलिकचं प्रमाण कमी असतं असंही संशोधनात दिसलंय. आता आपल्याकडच्या नेहमीच्या करडईच्या तेलात साधारण ७५ टक्के लिनोलिक असतं, खाद्यतेलांमध्ये एवढं क्वचितच कुणात. शेंगदाणा तेलात ओलेइक जास्त, तिळात दोन्ही जवळपास सारखं, आणि ऑलिव्ह तेलात ७० टक्क्यांच्या आसपास ओलेइक. ओलेइक जास्त असलं की ते त्वचेचा गिलावा सैल करतं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मोठ्या माणसांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह तेल आणि सूर्यफुलाचं तेल लावून बघितलं, तर ऑलिव्हनं त्वचेचं कवच कमजोर झालं आणि थोडी लाली आली, सूर्यफुलानं कवच शाबूत राहिलं. सूर्यफूल आणि करडई दोन्ही लिनोलिकवाली. परदेशी बाटली म्हणून ऑलिव्ह चेहऱ्याला चोपडणाऱ्यांनी आणि घरची करडई हिणकस समजणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

तुमचं वाण परभणी कुसुम असेल तर ते तर तुमच्याच जिल्ह्यातल्या, १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाचं. सोयाबीनमागं लागून करडईचा पेरा कमी होत गेला याचं मला फार वाईट वाटतं. काट्यांमुळे काढणीला माणूस मिळत नाही हे खरंय, पण रब्बीत कमी पाण्यावर, भारी काळ्या रानात नुसत्या ओलीवर येणारं एवढं गुणाचं पीक आपल्याकडं आहे.

आता जपायचं काय. लिनोलिकवालं तेल लवकर खवट होतं. डब्यातलं, चुलीजवळ ठेवलेलं, तळणाचं तापलेलं तेल चेहऱ्याला अजिबात नाही, खवट तेलानं उलट जळजळ होते. घाण्यावरून आणलं की आठ दिवस निवळू द्या, तळाचा गाळ खाली बसला की वरचं नितळ तेल स्वच्छ सुती फडक्यानं गाळून, औषधाची तपकिरी काचेची बाटली असते तसल्या कोरड्या बाटलीत ५० मिलीच भरा, फ्रिजच्या दारात ठेवा, दोनेक महिन्यांत संपवा. वास बदलला की ते तेल दिव्याला. घाण्यावर आपलीच करडई आपल्यासमोर गाळून घ्या, आधीच्या माणसाचं शेंगदाण्याचं तेल यंत्रात राहिलेलं असतं ते मिसळतं.

एक गोष्ट मात्र आधी करायची. करडई, सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि आपलं ते गाजरगवत ही सगळी एकाच कुळातली. शेतावर काम करणाऱ्या पुष्कळ लोकांना गाजरगवताची अ‍ॅलर्जी असते, मान, पापण्या, कोपराची घडी लाल होऊन खाजते, दरवर्षी पावसाळ्यानंतर वाढते. असं घरात कुणाला असेल तर त्यांनी करडईचं तेल चेहऱ्याला लावायच्या भानगडीत पडू नये. बाकीच्यांनीही कोपराच्या आतल्या बाजूला रोज थेंबभर असं पाच-सहा दिवस लावून बघावं, काही झालं नाही तरच चेहऱ्याला. आणि सूनबाईंना सांगा, ओल्या चेहऱ्यावर क्रीम, क्रीमवर तेल, नुसतं तेल नाही.

नातवाच्या मालिशीला करडई, सूर्यफूल किंवा खोबरेल, हलक्या हातानं. मोहरीचं नको, ते झोंबतं. नाकात-कानात तेल घालू नका, म्हाताऱ्या आयाबाया कितीही म्हणाल्या तरी नको, नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. बाळाच्या अंगावर लाल, ओलसर चट्टे असतील तर मालिश थांबवून आधी डॉक्टर.

मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला फेस ऑइल लावावं का? (जालना)

दिवसा नको. तेलावर घाम आणि धूळ चिकटते आणि तेलावर सनस्क्रीन नीट बसत नाही. दिवसा हलकं मॉइश्चरायझर, पाच-दहा मिनिटं थांबून वरून ३० किंवा त्याहून जास्त एसपीएफचं (उन्हापासून किती वाचवतं त्याचा आकडा) सनस्क्रीन, चेहरा आणि गळा मिळून दोन बोटांवर काढलेल्या दोन रेघांएवढं. सनस्क्रीनमध्ये तेल मिसळून लावायचे व्हिडिओ फिरतायत, तसं करू नका, सनस्क्रीनचा थर फाटतो. खोबऱ्याच्या किंवा गाजराच्या तेलालाच एसपीएफ असतो हेही खोटं, उन्हापासून वाचवण्याइतका नसतोच. रात्री एसीत झोपत असाल तर तेलाचे दोन थेंब चालतील, कूलर असेल तर बऱ्याच जणींना लागणारही नाहीत.

ताई, पोरीचं लग्न ठरलंय. तिचा रंग उजळावा म्हणून मेडिकलमधून एक ट्यूब आणली, मैत्रिणीनं सांगितलेली. पंधरा दिवसांत असा काही चेहरा झाला की सगळे विचारायला लागले. तीन महिने लावली. आता लावायची बंद केली की तोंड लालबुंद होतंय, आग होतीय, ऊन सोसंना गेलंय, हनुवटीवर केस यायलेत. लावली की बरं वाटतं. वरून बदामाचं तेल लावू का कोरफड लावू? लई घाबरलेय. (बीड)

अक्का, तेलही नको आणि कोरफडही नको, आधी हे नीट वाचा. त्या ट्यूबवरचं औषधाचं नाव बघा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काहीही असेल तर ते स्टेरॉइड आहे. पुष्कळ ट्यूबमध्ये त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन असतं. ही औषधं वाईट नाहीत, त्वचेचे डॉक्टर ठरावीक आजारात ठरावीक दिवस देतात. पण रंग उजळायला महिनोन् महिने लावली की त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पिंपल्स येतात, लव वाढते, आणि थांबवलं की आग पेटल्यासारखं होतं. तुमच्या मुलीला नेमकं तेच झालेलं दिसतंय. लावली की बरं वाटतं ही त्या औषधाची सवय लागलीय, ती बरी होण्याची खूण नाही.

यात तुमचा दोष शोधत बसू नका. सरकारनं २०१८ मध्ये अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली, तरी ती चिठ्ठीशिवाय हातात पडतात, आणि मी याच धंद्यातली असल्यामुळे मला याचा मनापासून संताप येतो. दुकानात बसलेल्या माणसानं विचारायला हवं होतं की कुणासाठी, कशासाठी, किती दिवस.

आता करायचं काय. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ती ट्यूब सोबत न्या. तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल, नाहीतर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, दोन्हीकडे सरकारी दवाखान्यातच दाखवता येतं, खासगीचा खर्च झेपत नसेल म्हणून थांबू नका. औषध एकदम तोडायचं की हळूहळू उतरवायचं हे ते ठरवतील. तोवर चेहऱ्याला फक्त तीन गोष्टी. गार पाणी, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर (सिरॅमाइड असलेलं मिळालं तर उत्तम) दिवसातून तीन-चार वेळा, आणि ऊन टाळणं, स्कार्फ सुती. बदाम तेल, हळद, बेसन, मुलतानी माती, लिंबू, ब्लीच, फेशियल, काही नाही. लिंबू तर कुणीच लावू नये, लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत.

सावरायला काही आठवडे लागतात, कुणाला काही महिने. लग्नाची तारीख जवळ असेल तर पार्लरवाल्या ताईला आधीच सांगून ठेवा की ब्लीच-फेशियल करायचं नाही, हळदीच्या दिवशीही चेहऱ्याला न लावता हातापायाला लावा, पाहुण्यांना काय वाटेल ते वाटू दे. आणि पोरीला सांगा की ती आहे त्या रंगात चांगली दिसते. हे आईनं सांगितलेलं फार खोल लागतं.

माझे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. मी इथं आजीपाशी राहून अकरावीला आहे. आई परत येते तेव्हा तिचे गाल फुटलेले असतात, ओठातून रक्त येतं. दहा-वीस रुपयांत मिळंल असं काय तिच्या पिशवीत देऊ? (वडवणी तालुका)

बाळा, पेट्रोलियम जेलीची छोटी डबी दे. पहाटे थंडीत निघताना तोंड ओलं करून गालांना आणि ओठांना पातळ बोट फिरवायचं, रात्री परत, हातांना जास्त. पाचटानं कापलेल्या जागा आधी स्वच्छ पाण्यानं धुवायच्या, मग लावायचं. ओठांवरून जीभ फिरवायची नाही, त्यानं जास्त फुटतात. डोक्यावरून गालांवर ओढून घ्यायला मोठा सुती रुमाल दे, उन्हाला आणि धुराळ्याला तोच खरा आडोसा. जमलं तर पुढच्या वर्षी सनस्क्रीनची ट्यूब. कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीत) पाणी कमी असतं हे मला माहीतय, ओलं फडकं चेहऱ्यावर फिरवलं तरी पुरे. घरात गोडंतेल असेल तेही क्रीम नसताना ओल्या तोंडावर लावलेलं चालतं. तुझ्या अभ्यासाला शुभेच्छा, आईला माझा नमस्कार सांग.

मॉइश्चरायझरच्या डबीवर तारीख पुढच्या वर्षीची आहे पण क्रीमला पाणी सुटलंय, वर पिवळा थर आलाय. वापरावी का? साडेतीनशे रुपयांची आहे. (हिंगोली)

वापरू नका. क्रीम हे तेल-पाण्याचं मिश्रण, ते जास्त तापलं की फुटतं, आणि पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे मध्ये कपाटातही काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको. एकदा फुटलं की नुसतं ढवळून ते परत नीट होत नाही, सगळीकडे सारखं औषध राहत नाही आणि पाणी सुटलेल्या जागी जंतू वाढतात. डबीच्या मागं उघड्या झाकणाचं एक छोटं चित्र असतं, त्यात १२ आकडा असेल तर उघडल्यापासून १२ महिने, छापलेली तारीख ही न उघडलेल्या डबीची. उन्हाळ्यात क्रीम माठाशेजारी किंवा फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. पुढच्या वेळी डबीऐवजी ट्यूब किंवा पंप घ्या आणि मोठ्या पॅकवर सूट आहे म्हणून घेऊ नका, ५० ग्रॅमची दोन महिन्यांत संपते तीच परवडते.